दहा म्हणेपर्यंत

मावशीने गॅसवरचं पातेलं उतरवून लाकडी स्टुलाखाली सरकवलं आणि वाफेत डावा हात धरला. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली, कोवळी बाजू खाली. मनात सावकाश आकडे म्हणू लागली. दहा म्हणेपर्यंत हात ठेववला, तर बाईला बसवायचं. सातालाच ओढून घ्यावासा वाटला, तर निवू द्यायचं. तीस वर्षं हेच माप. मधोमध गोल भोक पाडलेल्या त्या स्टुलावर, कमरेभोवती घोंगडी गुंडाळून, वाफेचा शेक घ्यायला गल्लीतल्या किती बायका बसल्या आणि हलक्या होऊन उठल्या! एकीलाही चटका बसला नाही, हे ती छाती ठोकून सांगायची.

दहा झाले. तिने शिंपिणीला बसायची खूण केली.

दिवस दिवस मशीनवर वाकून शिंपिणीची कंबर आणि ओटीपोट धरायचं. पाळी संपली की महिन्यातून एकदा ती यायची, चार घरच्या बातम्या घेऊन. आज मात्र हळू बोलत होती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आणि त्याआड मावशीची थोरली लेक होती. शाळेचे तीन जिने चढून पोरांना गणित शिकवणारी थोरली महिन्यापूर्वी दवाखान्यातून थेट आईकडे आली, ती रिकाम्या हातांनी. सातव्या महिन्यात मूल पोटातच गेलं होतं. अंगावरचं जाणं थांबल्यावर मावशीने तिला वाफ द्यायला घेतली. रोज सकाळी, गेले नऊ दिवस. थोरली यायची, बसायची, भिंतीकडे बघायची, उठून जायची. तोंडातून शब्द नाही. मावशी स्वतःची समजूत घालायची, की दुःख ओल्या चादरीसारखं असतं, निथळायला वेळ घेतं.

शिंपीण टेकली आणि ताडकन उठली.

"मावशी, मला शेकताय की शिजवताय?"

"नाजूक झालीस तू. पंख्याखाली बसून बसून."

"थट्टा नाही हो. हात घालून बघा."

मावशीने फणकाऱ्याने हात घातला. दहा झाले, पंधरा झाले, वीस झाले. ऊब लागत होती, पण लांबून, शेजारच्या घरातलं बोलणं ऐकू यावं तशी. शेवटी शिंपिणीनेच तिचा हात धरून बाहेर ओढला. कातडी लालबुंद झाली होती. मनगटापाशी एक जुना फोड सुकत आला होता; तो कधी उठला, मावशीला ठाऊकच नव्हतं. वर्षभर ब्लाउजचे हूक बोटांतून निसटत होते, चालता चालता पायातली चप्पल मागे राहत होती. वय झालं, म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं होतं.

शिंपीण साखरेचं, तपासणीचं काहीबाही सांगू लागली. मावशीचं लक्ष नव्हतं. ती लोटलेल्या दाराकडे बघत होती.

थोरली भिंतीकडे तोंड करून पडली होती. मावशीने आत येऊन दार लावलं.

"बघू दे मला."

"काय?"

"भाजलंय ते."

 थोरलीने पडल्या पडल्याच गाऊन वर केला. मांड्यांच्या आतल्या बाजूला डाग होते; काही काळवंडलेले, काही अजून ओले. गाऊन चिकटू नये म्हणून तिने मध्ये मऊ कापड घातलं होतं. बाळासाठी आणलेलं दुपटं होतं ते.

मावशी तिथेच खाली बसली.

"नऊ दिवस. अगं, एकदा तरी ओरडायचंस."

"मला वाटलं, तू मुद्दाम करतेस."

"मुद्दाम?"

"मी आले त्या दिवशी म्हणालीस ना, सातव्या महिन्यात जिने चढायला कुणी सांगितलं होतं." थोरलीचा आवाज सपाट होता, वर्गात हजेरी घ्यावी तसा. "मग म्हटलं, बरोबरच आहे तुझं. सोसायचं."

मावशीला ते वाक्य आठवलं. दूध उतू जाताना तोंडून काहीतरी निघून जावं, तसं निघून गेलं होतं. ओटा पुसून टाकावा तशी ती ते विसरून गेली होती. थोरली मात्र ते रोज सकाळी बरोबर घेऊन स्टुलावर बसत होती.

 मावशी उठली, घंगाळात पाणी आणि जुन्या धोतराचं फडकं घेऊन आली. पाणी साधं आहे की फार गार, हे बोटं बुडवून तिला सांगता येईना. बाहेर शिंपिणीने पातेलं मोरीत ओतल्याचा आवाज आला, मग पायऱ्यांवर तिची पावलं.

फडकं पिळून मावशीने ते डागाजवळ नेलं आणि हात थांबवला.

"मी तसं केलं नाही गं. मला हातालाच कळत नाही आता," ती म्हणाली. "तू सांग मला."

थोरलीने मान वळवून पहिल्यांदा तिच्या लाल झालेल्या हाताकडे पाहिलं. मावशीने फडकं अलगद टेकवलं आणि वाट बघत राहिली.

"दुखतंय," थोरली म्हणाली.

मावशीने लगेच फडकं उचललं.

"राहू दे," थोरली म्हणाली. "तिथं नाही दुखत, आई."