रडणारी विहीर आणि रुक्माचे देव

दिवस कलला की विहीर रडायची.

भिलाईच्या कारखान्याचे पाये खोदले जात होते, तेव्हाची गोष्ट. मजुरांच्या कॅम्पात ती एकच विहीर. आतून हुंदका यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. काठावर ही गर्दी! तोवर माझ्या भुतांच्या गोष्टींना कॅम्पात चांगला भाव होता. त्या विहिरीनं माझा धंदाच बसवला.

पाणी रोज खाली जात होतं. फक्त रविवारी दयाराम भगत काठावर नारळ फोडून घुमायचा, आणि दिवस मावळेपर्यंत रडणं थांबून पाणी वर चढायचं. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

“पितळ रोता है!” दयाराम किंचाळायचा. “ओम् फट, झरा फुट! देव बुडाले, देव कोपले!”

पितळ म्हणजे रुक्माचे देव. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर पुष्कळांनी देव्हाऱ्यातले देव पाण्यात सोडले. नवरा वारल्यावर रुक्मा लेकीला, चंपाला घेऊन इथं मजुरीला आली आणि तिनं आपले देव या विहिरीत सोडले. भगतानं निकाल दिला: येत्या रविवारी मायलेकींनी कॅम्प सोडायचा. रुक्माचं पाऊल रेल्वेलाइनीपलीकडं पडलं की पाणी चढेल.

“जाऊ कुठं?” रुक्मा कॅम्पातल्या शाळेच्या कौशल्याबाईंना म्हणाली. “अन् बाई, खरं सांगू? मलेही ते रडणं माह्या नावानंच वाटते.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी शाळा विहिरीवर भरवली. आरशानं ऊन आत पाडलं. वरच्या भेगांतून पाणी पाझरत होतं आणि खोल तळाशी टपटपत होतं. रिकाम्या विहिरीत तो आवाज घुमून हुंदका व्हायचा; दिवसभर गलबल्यात दबायचा, दिवस कलला की ऐकू यायचा.

“पाणी वर असलं की या भेगा बुडतात, मग आवाज येत नाही,” बाई म्हणाल्या.

“पण पाणी खाली कावून गेलं?” चंपानं विचारलं.

बाईंनी घमेल्यात रेती भरली, पाणी ओतलं, दोन खड्डे केले. दोन्हींत पाणी साचलं. “हा कारखान्याचा पाया, ही आपली विहीर. हिरा, तू पाया उपस. चंपा, तू नुसती पाहत राहा.”

हिरानं वाटीनं उपसायला सुरुवात केली, तशी चंपा ओरडली, “बाई! म्या हातबी नाही लावला, तरी माही विहीर आटून राहिली!”

पायाच्या खड्ड्यात पाणी भरू नये म्हणून तिथं डिझेलचा पंप अखंड चालायचा. रविवारी दुपारनंतर मात्र तो सफाईसाठी बंद असायचा. तो चालवायचा गुलाबराव, दयारामाचा साडू. बाई इंजिनिअरकडं गेल्या आणि एवढंच मागितलं: या रविवारी पंप संध्याकाळपर्यंत बंद करू नका, आणि गुलाबरावाला हे ऐन वेळेपर्यंत कळू देऊ नका.

रविवारी डोक्यावर बोचकं घेऊन रुक्मा लाइनीपाशी गेली. चंपानं तिचा पदर धरला होता. दोघी पलीकडं उतरल्या. इकडं दयाराम घुमला, लोळला, घसा बसेतो ओरडला. पाणी जागचं हललं नाही. विहीर रडतच राहिली.

“तिनं मागं वळून पाह्यलं!” दयाराम धापा टाकत म्हणाला.

“जरा गप राहा अन् ऐका,” कौशल्याबाई म्हणाल्या.

सगळे गप झाले. दूरवर धक्-धक्, धक्-धक्. इतके दिवस तो आवाज कानात होता, म्हणूनच कुणाला ऐकू येत नव्हता.

दयारामाची नजर गर्दीतल्या साडूवर गेली. “अबे गुलाब्या, पंप बंद कावून नाही केला?”

तोंडातून शब्द निघाला आणि त्याचं त्यालाच कळलं. कॅम्पातला कवडू मिस्त्री पुढं सरकला. “वा भगत! देव पितळेचे अन् मंत्र डिझेलचा!”

गर्दीच रुक्माला परत आणायला धावली. मग पंप थांबवला. रुक्मा काठावर बसून राहिली. अंधारून येताना हुंदके विरत गेले आणि एकेक भेग पाण्याखाली गेली.

“गप झाले,” ती म्हणाली.

“देव?” मी विचारलं.

“नाई जी. पंप.”

आता भिलाईच्या नेहरू नगरात घराघरात बोअर आहे. कुणाची विहीर रडत नाही. ती मुकाट्यानं आटते. मला त्याचीच भीती जास्त वाटते. पाणी नाहीसं झालं तर पोरांनो, कुणा बाईकडं बोट दाखवू नका. एका घमेल्यात रेती घ्या, दोन खड्डे करा, आणि पलीकडून कोण उपसतंय ते पाहा. कदाचित तुमचाच पंप असेल.