शिवकन्येच्या सालाची बाटली

घट बसायच्या आधी घरातली गोधडी न् गोधडी, भांडं न् भांडं धुऊन काढायचं, ही आमच्या नेकनूरची रीत. तीस वर्षं आप्पासाहेब देशमुखांची कोठी सांभाळून मी इतका विटलो होतो की, मोलकरीण बायनाबाईनं कोठीतलं काय काय धुवायचं म्हणून विचारलं तेव्हा मान वर न करता सांगितलं, सगळंच. तिनं सगळंच धुतलं. कोपऱ्यातल्या तीन बाटल्याही कढत पाण्यात बुडवून, राखेनं घासून लख्ख केल्या. त्यांच्यावर चिकटवलेल्या सालांच्या चिठ्ठ्या मोरीतून वाहून गेल्या.

बाटल्या साध्या नव्हत्या. आप्पासाहेब तरुणपणी हैदराबादेत एका नवाबाकडे होते, तिथं त्यांना फ्रान्सातल्या बर्गंडी मुलखाच्या तांबड्या वाईनचा नाद लागला. नाद म्हणजे झिंगायचा नव्हे. एकाच गावची द्राक्षं, पण दर सालची चव निराळी, ती दोन घोटांत ओळखायचा. एकोणीसशे चारची हलकी, सहाच्या साली ऊन रग्गड म्हणून ती भरीव, अकराची अजून तुरट. पेला उजेडात धरून ते मला हे समजावत आणि मी जांभया आवरत उभा राही.

शेवटी या तीन सालांची एकेक बाटली उरली होती. सहा हे त्यांच्या लेकीच्या, शिवकन्येच्या जन्माचं साल. ती बाटली तिच्या लग्नात उघडायची होती. मग गावात मानमोडीच्या तापाची साथ आली आणि बारा वर्षांची पोर तीन दिवसांत गेली. तोच ताप आप्पासाहेबांनाही आला होता. ते उठले, पण जिभेची चव गेली ती गेलीच. मीठ काय नि साखर काय, त्यांना सारखंच.

तीन वर्षांनी, दसरा उलटल्यावर तिची तिथी आली. ती बाटली आज उघडू, म्हणाले. मी तिन्ही पुढे ठेवल्या आणि चिठ्ठ्यांचं काय झालं ते सांगितलं. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाले, "धुळाजीला बोलाव."

धुळाजी गावातला मेंढका. दुधाचा थेंब जिभेवर ठेवून मेंढी कुठल्या माळावर चरली ते सांगणारा. वाईन त्यानं जन्मात पाहिली नव्हती. आप्पासाहेबांनी त्याला समोर बसवून कुठल्या साली तिकडे ऊन किती होतं, कुठली कशी लागावी, ते पुन्हा पुन्हा सांगितलं. मला त्यांची फार कीव आली.

मी बाटल्या उघडून तीन पेले भरले. धुळाजीनं पहिल्या पेल्यातला थेंब टाळूला लावला आणि थुंकला. दुसराही तसाच. मग परत पहिला. तिसऱ्यातला थेंब मात्र त्यानं गिळला.

"ही," धुळाजी म्हणाला. "कोकरू मेल्याल्या मेंढीचं दूध असंच लागतंय. प्यायला कुनी न्हाई, म्हनून घट व्हतंय. लई जड हाय, आप्पासायब."

आप्पासाहेबांनी तो पेला सावकाश संपवला. चव लागली नसणारच. पण पूर्वी साल ओळखलं की हलवायचे तशी मान त्यांनी हलवली आणि डोळे पुसले.

बाटल्या-पेले मोरीत नेल्यावर मी तिन्ही बाटल्यांतली उरलेली थेंब थेंब बोटावर घेऊन चाखली. तीस वर्षं नुसतं ऐकलं होतं. तिन्ही आंबून सिरका झाल्या होत्या. कढत पाण्यानं बुचं सैल झाली असणार. तिन्हींत तसूभर फरक नव्हता. मी तडक बाहेर गेलो. धुळाजी वहाणा घालत होता. खोटं का बोललास, म्हणून विचारलं.

"तिन्ही नासल्यात ते मला बी कळलं," तो खाली बघत म्हणाला. "पर त्यांनी एकच मागितली व्हती. ती बी गेली, असं कसं सांगू?"

मी परत आलो आणि उरलेली सगळी मोरीत ओतून दिली. राख समोरच होती. बाटल्या घासायला घेणार तेवढ्यात ओसरीवरून आप्पासाहेबांचा आवाज आला, "राधाकिशन, ती बाटली धुऊ नको. मला दे."

तिन्ही रिकाम्या बाटल्या मोरीत शेजारी शेजारी उभ्या होत्या. कुठली ती, मला सांगता येईना. एक उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि नेऊन त्यांच्या हातात दिली.

"हीच," मी म्हणालो.