म्हणे, दगड घसरला

मे महिन्यातला शेवटचा गुरुवार, सकाळी साडेसातचा सुमार. मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीत, किनाऱ्यावरच्या नव्या सिमेंटच्या उतारावर गुलाम मुकादम यांची होडी मागे घसरली आणि त्यांचा मुलगा अतहर याचा उजवा पाय तिच्याखाली सापडला. समुद्राला भरती होती. पाऊस नव्हता, वारा नव्हता.

पंचनाम्यात अपघाताचं कारण दोन शब्दांत लिहिलं आहे : दगड घसरल्यामुळे.

तो दगड म्हणजे मी. होडीखालचा जांभा चिरा बोलतोय. इथूनच बोलतोय, कारण अजून मी त्याच होडीखाली अडकलेला आहे. माझ्यावर ठपका ठेवणाऱ्यांपैकी एकानेही वाकून माझ्याकडे पाहिलेलं नाही.

माझा जन्म धामापूरच्या अलीकडचा. गणपत नावाच्या शेतकऱ्याच्या काजूच्या बागेखाली मी हजारो वर्षं पडून होतो. जमिनीत असताना आम्ही चिरे मऊ असतो. बाहेर काढून ऊन-वारा लागला की कडक होतो. चिरेखाणीतल्या यंत्राने मला कापलं तेव्हा माझ्या अंगावरची भोकं पाहून गणपतची बायको यशोदा म्हणाली, "हेका बघ, देवीच्या वणांसारखो दिसता." मला वाईट वाटलं होतं. पण गुळगुळीत दिसण्यात मोठेपण नसतं, हे मला पुढे या उतारावर कळलं. खडबडीत अंग धरून ठेवतं. गुळगुळीत अंग सोडून देतं.

ट्रकात बसून मी किनाऱ्यावर आलो. वाडीपुढची वाळू दरवर्षी समुद्र नेत होता, म्हणून सरकारने बंधारा आणि होड्या वर घ्यायला सिमेंटचा उतार मंजूर केला होता. कडेच्या भिंतीला माझे सगळे भाऊ लागले. मी एकटा उरलो आणि उताराच्या कडेला पडलो.

तिथून मी सगळं पाहिलं. गवंड्याने ओल्या सिमेंटवर लोखंडी सळीने आडव्या खाचा ओढल्या होत्या. पायाला पकड मिळावी, होडी अडावी, म्हणून. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्याच गवंड्याने त्या खाचा बुजवल्या आणि वर सिमेंट घोटून आरसा केला. हाताखालच्या बाईने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पाहुण्यांचो गालिचो सरळ बसना नाय. वरसून फोन इलो." वरून म्हणजे कुठून, ते तिने विचारलं नाही. वरून येणाऱ्या गोष्टीला आपल्याकडे कुणी पत्ता विचारत नाही.

पाहुणे आले, गालिचा अंथरला, नारळ फुटला. उताराच्या माथ्यावर कोनशिला बसली, तिच्यावर सोनेरी अक्षरं. मग सगळे गेले आणि मी नर्मदाकाकीच्या वाट्याला आलो. ती मासे विकते. माझ्यावर बसून तिने पाचसहा महिने बांगडे विकले, गिऱ्हाइकांना शिव्या घातल्या आणि पाय दुखले की मलाही घातल्या. ते दिवस बरे होते. माणसाचं वजन प्रेमळ असतं, ते येतं आणि उठून जातं.

आता त्या सकाळकडे वळतो.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. त्याआधी प्रत्येक होडी वर ओढायची, नारळीच्या झापांनी शाकारायची आणि नारळीपौर्णिमेनंतर परत पाण्यात सोडायची. होडी कुणाचीही असो, दोराला अख्खी वाडी हात लावते. होडीखाली आडवे ओंडके टाकतात, ओंडक्यांना माशाचं तेल फासतात. होडी पुढे सरकली की मागचा ओंडका काढून पुढे टाकायचा. आणि ओढणाऱ्यांना हाक देणाऱ्या म्हाताऱ्या दाजींनी "बसा!" म्हटलं की सगळ्यांनी एकदम दोर सोडून दम खायचा.

पिढ्यान् पिढ्या हे असंच चाललं होतं, आणि वाळूवर ते बरोबरच होतं. होडीचं वजन तिला खाली खेचतं, पण वाळूत तिचा तळाचा कणा रुततो आणि वाळू तिला धरून ठेवते. दोर सोडला तरी होडी जागची हलत नाही. त्या लोकांच्या हातापायांना वाळूची सवय होती. सिमेंट त्यांच्या ओळखीचं नव्हतं आणि कुणी ओळख करूनही दिली नव्हती.

"ओढा रे! सकाळची पेज खंय गेली तुमची?" दाजी ओरडत होते.

"दाजी, नुसते बोंबलतास काय? दोराक हात लावा मरे जरा!" नर्मदाकाकी म्हणाली.

"मी हात लावलंय तर होडी थेट कुडाळाक जायत गो!"

सगळे हसले. हसण्यात जोर ओसरला. होडी निम्म्या उतारावर आली होती. ओंडक्यांवरचं तेल ओघळून सिमेंटवर पसरलं होतं. घामाने भिजलेले दाजी सवयीने म्हणाले, "बसा!"

आणि सवयीनेच सगळ्यांनी दोर सोडला.

क्षणभर होडी थांबली. थांबलेली जड वस्तू हलायला वेळ घेते; पण एकदा हलली की तिला अडवायला आधीपेक्षा जास्त जोर लागतो. होडी हलली. अतहर तिच्या मागेच होता, ओंडका काढायला वाकलेला. त्याने पाहिलं, तर खाली पाण्याच्या कडेला नर्मदाकाकी ओंडक्यांची मोळी घेऊन उभी होती, होडीच्या सरळ वाटेत. त्याने कडेला पडलेल्या मला दोन्ही हातांनी उचललं आणि होडीच्या कण्याखाली सारलं. त्याच झटक्यात त्याचा पाय तेलावरून सटकला, आणि कणा त्याच्या नडगीवर आला.

मी घसरलो. हो, घसरलो. घोटलेल्या सिमेंटवर, माशाच्या तेलावर, अंगावर अख्खी होडी घेऊन कोण उभा राहील? हातभर घसरलो आणि काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत माझी कड अडकली. कड तुटली, पण मी थांबलो. मी थांबलो म्हणून होडी थांबली. पंचनाम्यात हे नाही.

अतहरचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. त्याची बायको मरियम धावत आली आणि तेलावर आपटली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तू हय येव नको. माका पाय कळना नाय."

"कळतलो. गप पडान रव," ती म्हणाली.

गुलामचाचांनी दोर परत उचलला. पंधरावीस माणसं दोराला लटकली, पण त्यांचे अनवाणी पाय त्याच तेलावर होते. माणसं होडीला ओढत नव्हती, होडीच माणसांना ओढत होती.

"दोर खंयतरी बांधा!" चाचा ओरडले.

माथ्यावर बांधण्यासारखं एकच होतं : कोनशिला. त्यांनी तिच्या चौथऱ्याला दोन वेढे मारले. दोराला ताण बसला आणि सोनेरी अक्षरांसकट ती कोनशिला पिकल्या फणसासारखी उपटून आली. चौथऱ्याला पाया नव्हताच. खाली खड्डा होता, आणि खड्ड्यात काँक्रीटमधून चार जाडजूड बोल्ट वर आलेले. होड्यांचा दोर बांधण्यासाठी लोखंडी खांब बसवतात, त्याचे बोल्ट.

पाहायला तेव्हा कुणाला सवड नव्हती. मरियम आपटली होती तशीच घसरत वाळूपर्यंत गेली होती. वाळूवर पाय ठरले तशी ती किंचाळली, "रेव आणा! पायाखाली रेव घाला!" ओढणी पसरून तिने वाळू भरली. नर्मदाकाकीने माशांची टोपली उलटी केली आणि ती वाळूने भरली. दोर धरणाऱ्यांच्या पायांखाली, होडीच्या मागे, माझ्या पुढे, सगळीकडे वाळू पडली.

मग दोघांनी होडीच्या मागच्या अंगाखाली वासा घातला. त्यातला धोका मला कळला. होडीच्या वजनानेच मी त्या फटीत घट्ट दाबला गेलो होतो. ते वजन उचललं की माझी पकड सुटणार. अतहर सुटायचा क्षण आणि होडी सुटायचा क्षण एकच होता.

"दाजी, आता बसा म्हणशात तर जीव घेईन," मरियम म्हणाली.

दाजींनी टाचा वाळूत रोवल्या. ते स्वतः दोराला होते.

वासा दबला. होडी बोटभर उचलली गेली. माझी पकड सुटली, होडी खाली कलली, आणि दोर धरणाऱ्यांचे सगळे पाय वाळूत रुतून ठाम राहिले. वाळूनेच धरलं. चाचांनी मुलाला काखेत धरून बाहेर ओढलं. होडी पुन्हा माझ्यावर बसली.

अतहरला गोव्याला नेलं. गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

चार दिवसांनी अधिकारी आले. तेलाकडे बोट दाखवून म्हणाले, "ताई, तुमच्याच लोकांनी तेल ओतलं. दगडही नीट लावला नाही."

मरियम म्हणाली, "तेल आमचे आजे-पणजे ओतीत इले, साहेब. वाळूत होडी कधी पळाक नाय. दोर बांधूक खांब खंय आसा?"

"आराखड्यात खांब नव्हता."

"मगे हे बोल्ट कित्याक? पावसात उगवले?"

साहेबांनी गाडीचा दरवाजा लावून घेतला.

आता पाऊस लागला आहे. होडी जिथे थांबली तिथेच झापांखाली शाकारली आहे, कारण चौकशी होईपर्यंत काही हलवायचं नाही, असा हुकूम आहे. माझ्या भोकांत पाणी साचतं, तुटल्या कडेवर शेवाळ धरलं आहे. अतहर कुबड्या घेऊन कधीतरी येतो आणि होडीला हात लावून उभा राहतो. परवा म्हणाला, "होडी विकूची काय, बाबा?" चाचा सुटलेलं झाप परत बांधत राहिले.

मला इथून काढा, असं मी म्हणणार नाही. मी दगड आहे, मला दबून राहता येतं. पण पुढच्या माणसाला माझ्या भरवशावर सोडू नका. उतार उतारासारखाच वागणार आणि वजन वजनासारखंच. त्यांना चौकशीत कुणी बोलावू शकत नाही. माणसांना बोलावता येतं.

गेल्या सोमवारी भर पावसात चार मजूर आले आणि त्यांनी कोनशिला होती तिथे परत उभी केली. या वेळी पक्क्या पायावर. तिच्याखाली ते चार बोल्ट आहेत. त्यांच्यावर बसायचा खांब कुठे आहे, हे आजपर्यंत कुणीही सांगितलेलं नाही.