कोरड्या गळ्यानं

"औंदा तांब्या ठिवायचा का न्हाय, तेवढं सांगा मल्लेशअप्पा. म्हंजे तशी सोय कराय मला."

ओसरीवर टेकता टेकताच अण्णारावकाकांनी विचारलं. ते जत्रा कमिटीचे पंच आणि अज्जांचे शाळेपासूनचे दोस्त. अज्जा म्हणजे माझ्या आईचे वडील. आज्जी गेल्यापासून आमच्याकडंच राहतात. ते मोबाइलवर जुना काळा-पांढरा पिक्चर बघत होते. मोबाइल अर्थात माझा. त्यांनी मानही वर केली नाही.

"तांब्या नको. माईक तेवढा द्या."

मी आत भूमितीचं वर्तुळ काढत होते, ते अर्धंच सोडून बाहेर आले. काका अज्जांकडं असं बघत होते, जणू कुणीतरी सायकल हवी पण चाकं नकोत म्हणालंय.

"चेष्टा करू नका. गेल्या बारीला तुमी न्हाय म्हनलाव, आमी ऐकलं. औंदा आपनहून फोन केलाव. पर कोरड्या गळ्यानं?"

"कोरड्या गळ्यानंच. चा घ्या, गार हुईल."

हा तांब्या काय, ते सांगते. आमचं गाव नळदुर्गपासून हायवे सोडून थोडं आत आहे. आमच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो आणि त्याची कॉमेंट्री वर्षानुवर्षं अज्जांनीच केली. कमिटी जिंकणाऱ्या पैलवानाला फेटा देते, हलगीवाल्याला नारळ देते आणि कॉमेंट्रीवाल्याला तांब्या. स्टेजवर माईकशेजारी तो ठेवायचा, वर पांढरा नॅपकिन झाकायचा. आत काय असतं ते गावातल्या पोराटोरांनाही माहीत, पण त्याला म्हणायचं 'गळ्याचं औषध'.

अज्जांची नोकरी एसटीत होती, कंट्रोलरची. जन्मभर स्टँडवरच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या. त्या आवाजात चढ नाही, उतार नाही. पण तोच माणूस जत्रेत नॅपकिन उचलून दोन घोट घ्यायचा आणि मग बघायचं! पोरगा नुसता शड्डू ठोकून उभा राहायचा, तर अज्जा त्याच्या बापाचं, वस्तादाचं, घरच्या म्हशीचंसुद्धा नाव घेऊन असं काही बोलायचे, की समोरचा निम्मा तिथंच हरायचा. मी चौथीत असताना बाबांच्या खांद्यावर बसून ते ऐकलंय. मला कुस्ती आठवत नाही. बोलणं आठवतं.

पण तांब्या जत्रेपुरता राहिला नाही. तो गणपतीत आला, मग निवडणुकीच्या सभेत, मग घरात. शेवटी शिवरंजनी मावशीच्या लग्नात आला.

मावशीचं आधी एक लग्न जमून मोडलं होतं. साखरपुड्यानंतर. सासरच्यांना ते सांगितलेलं होतं, पण अख्ख्या मांडवाला थोडंच सांगितलेलं असतं? अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली आणि अज्जांनी बँडवाल्याच्या हातातला माईक घेतला.

"मंडळीऽऽ! पयली जोड बरोबरीत सुटली व्हती! पर ही दुसरी जोड निकाली हाय, निकालीऽऽ!"

मांडव हसला. शिट्ट्या पडल्या. कुणीतरी शेजारच्याला विचारलं, "पयली कंची?" आणि शेजारच्यानं सांगितलं. मी मावशीच्या मागं करवली म्हणून उभी होते. मावशी रडली नाही, काही नाही. तिनं हार नीट केला आणि नवऱ्याबरोबर जेवायला बसली. त्या दिवसापासून ती अज्जांशी बोलली नाही.

अज्जांनी त्याच आठवड्यात पिणं सोडलं. खरंच सोडलं. पुढच्या जत्रेची कॉमेंट्रीही नाकारली. गावानं वाहवा केली. मावशीनं मात्र यंदा फोनवर आईला सांगितलं, "ताई, अप्पांनी दारू कुठं सोडलीय? माईक सोडलाय. माईक हातात असताना न पेता ऱ्हावून दाखवू दे, मग बोलंन मी." फोन स्पीकरवर होता. अज्जा शेजारीच जेवत होते. त्यांनी भाकरी संपवली, स्वतःचं ताट स्वतः धुतलं आणि दुसऱ्या दिवशी अण्णारावकाकांना फोन लावला.

आता तयारी करून घेणार कोण? मी! यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनाचं निवेदन मी केलं होतं, त्यामुळं माईकमधलं जे काही कळायचं ते सगळं मला कळलंय अशी माझी पक्की खात्री होती. शाळा सुटली की आम्ही मळ्यात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं जायचो. समोर श्रोते म्हणून दोन म्हशी.

"अज्जा, म्हशींकडं बघून बोला. घाबरायचं नाही."

"म्हशीला काय भ्यायचं गं? ती काय तिकीट काढून आलीय?"

गळ्यासाठी रोज नवीन काहीतरी पिऊन बघायचो. पहिल्या दिवशी हुलग्याचं माडगं. ते पिऊन अज्जांनी पोटावरनं हात फिरवला आणि म्हणाले, "पोट बोलायलंय, गळा न्हाय." मग आल्याचा काढा. "ह्यो मेलेल्याला पाजला तर उटून बसंल, पर कॉमेंट्री करनार न्हाय." मग मी नळदुर्गहून गोळी सोडा आणवला. तो पिऊन त्यांनी इतका लांब ढेकर दिला की एक म्हैस मागं सरकली.

"हां, ह्ये बरं हाय. माईकमदून ढेकर गेला की हलगीची गरज न्हाय!"

हसून हसून माझं पोट दुखलं. शेवटी साधा चहा ठरला. त्यावरही त्यांचं मत होतंच. "चा पिऊन मानूस खरं बोलाय लागतो. कुस्तीत खरं बोलून कसं भागंल?"

मधल्या वेळात माझ्या मोबाइलवर जुना पिक्चर लावायचा आणि त्यावर भांडायचं. अज्जांना हिरोत रस नाही, व्हिलनमध्ये.

"आताचा हिरो बग, बाटली थेट तोंडाला. हापापल्यागत. आन ह्यो जुना मानूस बग कसा पेतोय. आदी बर्फ. मग चिमट्यानं दुसरा बर्फ. मग गिलास हलवायचा. मग एक डायलाग. मग घोट. काय सबुरी!"

"अज्जा, तो वाईट माणूस आहे. शेवटी मरतो."

"मरंना! पेला तवा तर नीट पेला का न्हाय?"

मी हसले. ते हसले नाहीत. स्क्रीनवरच्या माणसानं ग्लास टेबलावर ठेवला, तेवढं बघून त्यांनी मोबाइल मला परत दिला. "आमी पोरं असंच बगून बगून शिकलो. वाटायचं, हातात गिलास आसल्याबिगर मोठ्या मानसाला बोलताच येत न्हाय."

मी घाईघाईनं क्रिकेटचा विषय काढला. तो काढला की अज्जा कधीच गप्प बसत नाहीत. "क्रिकेट? दोगं पळत्यात, बाकीचे उबं ऱ्हायचा पगार घेत्यात." कबड्डी? "गादीवरची कबड्डी? गादीवर आमी झोपतो." चांगला खेळ म्हणजे हरल्यावर अंगाला माती लागली पाहिजे, एवढीच त्यांची अट. मी म्हटलं, मग चिखलात क्रिकेट खेळलं तर? "तर मग बगाय यीन," म्हणाले.

आवाज मात्र उघडत नव्हता. शब्द सगळे होते. कुणाचा बाप कुठल्या फडात कुणाशी लढला, सगळं पाठ होतं. पण ते बाहेर यायचं ते सपाट, ओळीनं. मला ते ऐकू येत होतं. तरी मी रोज म्हणायचे, "येईल अज्जा. फडात उभं राहिलात की आपोआप येईल." आणि मला ते खरंच वाटत होतं.

जत्रेच्या दिवशी फड खच्चून भरला होता. आता मुलींच्याही कुस्त्या असतात म्हणून बायकांसाठी एका बाजूला दोरी बांधून सतरंज्या टाकल्या होत्या. तिथं मावशी दिसली! घरी न येता एसटीतून थेट इथंच आली होती, कडेवर बाळ आणि खांद्याला पिशवी. मी हात केला. तिनंही केला. मग ती स्टेजकडं बघायला लागली.

अज्जा धुतलेला नेहरू शर्ट घालून स्टेजवर चढले. माईकशेजारी तांब्या होता, वर पांढरा नॅपकिन.

"आवं, पोरांनी सवयीनं ठिवला," काका घाईघाईनं म्हणाले. "पानी हाय समजा."

अज्जांनी वासावरून काय ते ओळखलं असणार. पायरीवर उभ्या असलेल्या मलासुद्धा वास आला. त्यांनी तांब्या हातभर पलीकडं सरकवला आणि माईक धरला.

"पहिली जोड. तामलवाडीचे पैलवान आखाड्यात येत आहेत. त्यांच्या समोरील पैलवानांनी त्वरित आखाड्यात यावे."

मी डोळे मिटले. तो एसटी स्टँडचा आवाज होता. अगदी तोच, तसाच्या तसा. घरी कधीही न वापरलेली ती छापील भाषासुद्धा तीच.

गर्दी क्षणभर बुचकळ्यात पडली. मग मागून कुणीतरी ओरडलं, "अज्जाऽ, फलाट कितवा?"

सगळा फड हसला. एकदा वाट मिळाली म्हटल्यावर काय, "उमरग्याची गाडी लागली का ओ?" "खिसेकापूपासून सावध ऱ्हावा!" "अज्जा, निस्तं पुकारू नगा, सोडा की गाडी!"

अज्जा बोलत राहिले. दुसरी जोड लावली. एका पैलवानाच्या वडिलांचं नाव घेतलं, त्यांच्या जुन्या कुस्तीबद्दल दोन वाक्यं सांगितली. खरी होती, पण कुणी ऐकत नव्हतं. हलगीवाल्याला कुठं चढायचं ते कळेना, तो नुसता हळूहळू बडवत राहिला. एक वस्ताद स्टेजजवळ येऊन काकांवर डाफरला, "माझी पोरं वर्सभर माती खात्यात ती ह्याच्यासाटी का? मयतीला आल्यावानी वाटायलंय!"

काका वर चढले. अज्जांच्या कानाशी लागले. मी पायरीवर होते, मला ऐकू आलं.

"अप्पा, एक घोट. निस्ता एक. मी आडवा उबा ऱ्हातो, कुनाला दिसायचं न्हाय. तुमची बी आब ऱ्हाईल, फडाची बी."

अज्जांनी बायकांच्या दोरीकडं बघितलं. मीही बघितलं. मला वाटलं, मावशी मान हलवेल, काहीतरी खूण करेल. तिनं काहीच केलं नाही. बाळाला बिस्कीट भरवणारा तिचा हात मध्येच थांबला होता आणि बाळ त्या हाताकडं तोंड करून होतं.

अज्जांनी तांब्यावरचा नॅपकिन उचलला.

"हांऽऽ, आता कसं!" पुढच्या रांगेतून शिट्टी आली. मी पायरीचा बांबू धरला.

त्यांनी नॅपकिननं कपाळ पुसलं. मग मान, मग कानामागचा घाम. नॅपकिनची घडी घातली आणि ती खिशात ठेवली. तांब्या उघडाच राहिला, सगळ्यांसमोर. मग त्यांनी खाली बसलेल्या बजरंगदादाला हात केला. हा तामलवाडीचा तरुण मास्तर, निकाल पुकारायला म्हणून कमिटीनं बोलावलेला.

"बजरंगा, वर ये. माज्यानं हुईना. तुजा गळा चांगलाय."

माईक चालूच होता. हे वाक्य अख्ख्या फडानं ऐकलं.

बजरंगदादानं माईक घेण्याआधी त्यांच्या पायाला हात लावला. पुढच्या मिनिटाला हलगी कडाडली, तो गरजायला लागला आणि गर्दी त्याची झाली. इतकं सोपं होतं ते. मला त्याचा राग आला, हलगीचा आला, आणि म्हशींसमोर रोज 'येईल, येईल' म्हणणाऱ्या माझा तर सगळ्यात जास्त आला.

अज्जा गर्दीच्या कडेकडेनं दोरीपाशी आले. मी मागोमाग. काही लोक अजून हसत होते, काहींनी मान वळवली. मावशीसमोर येऊन अज्जा नुसतेच उभे राहिले.

"अप्पा," मावशी म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा. "मी शाळेत असताना तुमचा डबा घेऊन स्टँडवर यायची. ध्यानात हाय का?"

"हाय की."

"डबा दिला तरी मी लवकर घरी जायची न्हाय. बाकावर बसून ऱ्हायची. तुमी गाड्या पुकारायचे, ते ऐकत." तिनं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "ह्योच आवाज. त्या आवाजाची कवा भीती वाटली न्हाय."

अज्जांनी फडाकडं हात केला. "समदी हसली की गं रंजे."

"हसली तर हसली. बसा."

ती सतरंजीवर सरकली. बायकांच्या बाजूला एकटा पुरुष, पण कुणी काही म्हणालं नाही. मी त्यांच्या पायाशी बसले. आखाड्यात माकणीची राजेश्वरी उतरली होती, माझ्याएवढीच, केस आखूड कापलेली. तिनं माती उचलून कपाळाला लावली.

"अर्पे," अज्जा हळूच म्हणाले, "ती बग, डाव्या पायावर भार टाकतीय. पट काढनार." आणि तिनं खरंच समोरचीचा पाय धरून पट काढला! मी किंचाळले. अज्जा चकित होऊन मातीकडंच बघत होते.

"बोलायच्या नादात म्या ह्ये कवा बगितलंच न्हाय गं," ते म्हणाले, मला की स्वतःला कुणास ठाऊक.

राजेश्वरीनं समोरचीला खाली घेतलं आणि सगळा फड उठून उभा राहिला. आमच्या पुढं, दोरीच्या पलीकडं, एक धिप्पाड माणूस आडवा आला. अज्जांनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग हात लांब करून त्याच्या पाठीला बोट लावलं.

"ओ पाव्हनं, जरा खाली बसा की. दिसंना झालंय."

तो माणूस वळला, अज्जांना ओळखून ओशाळला आणि मटकन खाली बसला. अज्जांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान पुढं काढली.