पडद्याकडे माझी पाठ

मी एक जुना कॅमेरा आहे. गळ्यात अडकवून मिरवतात तसला नव्हे. संगणकाच्या डोक्यावर चिमट्याने बसवतात तो, लिंबाएवढा, मागे लांब काळी तार असलेला. मित्रांनो, आमच्या जातीचे एक दुखणे आहे. आम्ही बसतो पडद्यावर, पण आमचे तोंड असते माणसाकडे. पडद्यावर काय चालले आहे ते सगळ्या जगाला दिसते, फक्त आम्हाला नाही. एका विनोदी मालिकेचे शेकडो भाग मी कानांनी ऐकले आहेत, पण तिच्यातले एकही पात्र डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. मी पाहिला तो ती मालिका पाहणाऱ्या बाईंचा चेहरा. तक्रार म्हणून सांगत नाही, पण सल होता हे खरे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी काच बसवली, फुंकर मारून धूळ उडवली आणि मला पुढे सरकवले. पुढे मी एका गणिताच्या शिक्षकांकडे लागलो. त्यांनी मला वहीवर रोखून ठेवले. दोन वर्षे मी भागाकाराशिवाय दुसरे काही पाहिले नाही. त्यांनी नवा कॅमेरा घेतल्यावर मी एका दुरुस्तीच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात येऊन पडलो आणि तिथून मला मावशींनी उचलले.

मावशी म्हणजे भाचीच्या मावशी. दोघी एकाच घरात राहत. भाची दातांच्या कवळ्या तयार करायची. कामावरून येई तेव्हा तिच्या बाह्यांना पांढरे प्लास्टर लागलेले असे आणि समोरच्याशी बोलताना तिची नजर त्याच्या दातांवर असे. मावशी बसस्थानकावर उद्घोषिका होत्या. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, हे अठ्ठावीस वर्षे त्यांच्या आवाजात सांगितले गेले. तो आवाज ऐकून धावणारा माणूस चालू लागे आणि पेंगणारा उठून बसे, असे भाची म्हणायची. माझ्या पोटात एक बारीकसा माईक आहे. त्या माईकची शपथ, ती अतिशयोक्ती नव्हती.

मावशींना एकच वेड होते. ‘लिफ्ट बंद आहे’ नावाची एक जुनी मालिका. सहा मजल्यांची इमारत, तिची कधीच न चालणारी लिफ्ट आणि तरीही रोज वेळेवर येऊन स्टुलावर बसणारा लिफ्टवाला. भागाच्या शेवटी कोणी ना कोणी रडकुंडीला आलेले असे, आणि लिफ्टवाला उठून म्हणे, “लिफ्ट बंद आहे, पाय चालू आहेत. चला.” मालिका संपून कित्येक वर्षे झाली. पण तिच्या सात चाहत्यांनी ऑनलाइन एक गट केला होता. गटाचे नाव ‘जिना’. त्यात खरी नावे चालत नसत. प्रत्येकाने एकेक मजला घेतला होता. मावशी सहावा मजला. तिसऱ्या मजल्यावर एक बेकरीवाले, आणि तळमजल्याला भूगोलाच्या एक निवृत्त शिक्षिका. आम्ही जमिनीची माणसे, असे त्या म्हणत.

कोणाचा वाढदिवस आला की हे सातही जण आपापल्या घरून पडद्यावर जमत. ज्याचा वाढदिवस, त्याने भाग निवडायचा. मग त्यानेच मजले मोजत खाली यायचे. सहा, पाच, चार, तीन, दोन, एक, आणि ‘तळमजला’ म्हणताच सातही घरांत सात बटणे एकदम दाबायची. दाबताना वाढदिवसाच्या माणसाने आपले बोट सगळ्यांना दाखवायचे. सगळा भाग सगळ्यांना पाठच असे. गंमत होती ती एकाच क्षणी हसण्यात. एखाद्याने घाई केली की त्याचे हसू आधी येई आणि बाकीच्यांच्या विनोदाचा विचका होई. बेकरीवाले दर वेळी घाई करत आणि दर वेळी शिव्या खात. मावशींच्या मोजण्यावर मात्र त्यांचेही बोट शहाण्यासारखे थांबे. म्हणून मावशींचा वाढदिवस हा सगळ्यांचा लाडका होता.

त्या दिवशी मावशी मला चष्म्याच्या फडक्याने पुसत, केस सारखे करत आणि माझ्याकडे बघून मोजू लागत. सातही घरे गप्प होत. मित्रांनो, खरे सांगतो, मला वाटे की त्या माझ्याशीच बोलत आहेत.

मग मावशींच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली, जीव वाचला. पण आवाज गेला. उरली ती नुसती हवा. डॉक्टरांनी तो परत येण्याची आशा धरू नका असे स्पष्टच सांगितले. घरी आल्यावर मावशींनी पहिले काम केले ते माझे. माझ्या डोळ्यावर जखमेची चिकटपट्टी लावली, तार काढली आणि मला खणात टाकले. तिथे इंचपट्टी होती, मेलेले सेल होते, कुलूप हरवलेल्या किल्ल्या होत्या. निरुपयोगी लोकांच्या पंगतीत मीही बसलो. तो खण नीट लागत नसे, बोटभर फट राही. तेवढ्यातून मी घर ऐकत राहिलो. पूर्वी त्या घरात आवाज असे. आता खडू पाटीवर घासल्याचा आवाज येई. मावशींना काही सांगायचे असले की त्या पाटीवर लिहीत.

वाढदिवस जवळ आला. गटाने निरोप पाठवले आणि भाचीने ते वाचून दाखवले. तळमजल्याच्या शिक्षिकाबाई म्हणत होत्या, आम्ही सगळे मिळून मोजू, तू नुसती बस. बेकरीवाल्यांनी तर कमालच केली. गेल्या वर्षीचे मावशींचे मोजणे त्यांनी जपून ठेवले होते. त्यांचे म्हणणे, तेच लावू, आवाज तुमचाच आहे, कोणाला कळणारही नाही.

 खडू चालला तो जोरात, आणि शेवटी तुटला. भाचीने पाटी वाचली.

“‘तो आवाज असेल तर माझं काय काम? रिकामी खुर्ची मांडा, पुरे.’ मावशी, असं नको गं लिहू. त्यांनी प्रेमानं सुचवलंय.”

पाटी पुसल्याचा आवाज आला आणि पुन्हा दोनच शब्द लिहिले गेले. ‘येत नाही.’ भाचीने नाइलाजाने तसे कळवले. खणात मला फार वाईट वाटले, मित्रांनो. जिन्याचा नियमच होता, वाढदिवसाचा माणूस मोजणार नसेल तर भाग लागणार नाही. मावशी एकदा उठल्या की पुन्हा त्या गटात बसणार नाहीत, हे मला दिसत होते, डोळ्यावर पट्टी असूनसुद्धा.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दार उघडले आणि जोरजोरात धापा ऐकू आल्या. मावशी भाजी घेऊन आल्या होत्या. त्या पिशवी खाली ठेवतात तोच भाची स्वयंपाकघरातून धावली. खडू वाजला.

“लिफ्ट बंद आहे?” भाचीने वाचले. “परत? आणि तू पाच मजले चढून आलीस, या अवस्थेत? थांब, मी आधी लिफ्टवाल्या कंपनीला फोन करते.”

पुन्हा खडू. या वेळी भाची वाचता वाचता थांबली, कारण पुढची ओळ तिलाही पाठ होती.

“‘पाय चालू आहेत,’” ती हळूच म्हणाली.

त्याच क्षणी खण उघडला. मावशींनी माझ्या डोळ्यावरची पट्टी ओढून काढली. चांगले दुखले, पण त्या दुखण्याला मी नावे ठेवणार नाही. त्यांच्या गळ्यावर लाल आडवा व्रण होता. त्यावर त्यांनी रुमालही बांधला नव्हता. त्या हसत होत्या, आवाज न करता, खांदे हलवत.

मावशी येणार, असे भाचीने रात्रीच गटाला कळवले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, संध्याकाळी पाच वाजता जिन्याचे सातही मजले हजर झाले. भाचीने लॅपटॉप दोन्ही हातांवर धरला होता, आणि इंटरनेट तुटू नये म्हणून तिचा मोबाइल तिने खिशात चालू ठेवला होता. मी पडद्यावर नव्हतो. मी मावशींच्या मुठीत होतो. दोघी घराबाहेर पडल्या आणि आधी एक मजला वर चढल्या. सहाव्या मजल्याच्या भिंतीवर निळ्या रंगात भला मोठा आकडा रंगवलेला होता. मावशींनी मला त्याच्यासमोर धरले.

 लॅपटॉपमधून शिक्षिकाबाईंचा आवाज आला, “अगं बाई. ही खरोखरीचा जिना उतरणार आहे.”

आणि मावशी उतरू लागल्या. पाच. त्यांच्या दारापुढच्या चपलाही सगळ्यांना दिसल्या. चार. त्या प्रत्येक आकड्यापुढे थांबत, मला स्थिर धरत, जणू गाडी फलाटाला लागेपर्यंत त्या हलणार नव्हत्या. तीनच्या आकड्यावर कोणा पोराने मिशा काढल्या होत्या. बेकरीवाल्यांनी आनंदाने जाहीर केले की हा आपला मजला. त्यांना सगळ्यांनी गप्प केले.  भाची दोनदा म्हणाली, बस जरा. मावशींनी मान हलवली. हट्टाला औषध नाही म्हणतात ते उगाच नाही.

दोन. आणि तिथून वळताना भाची एक पायरी पुढे गेली, मावशी एक पायरी मागे राहिल्या आणि माझी तार लॅपटॉपमधून सुटली.

सहाही घरांतले चित्र गेले. पुन्हा तार बसली आणि चित्र आले तेव्हा आम्ही पहिल्या मजल्याला टेकलो होतो. एकचा आकडा दोन पावलांवर होता. भाची म्हणत होती, “झालं, झालं, आलंय चित्र. एक दाखव आणि चल.”

मावशींनी नकार दिला. त्यांनी वर बोट केले. मध्येच तुटलेली सूचना अर्ध्यातून पुढे नेत नाहीत, पहिल्यापासून सांगतात, हा अठ्ठावीस वर्षांचा शिरस्ता होता. निदान तुटला तो मजला तरी पुन्हा मोजायलाच हवा. आणि भाचीचा जीव वरखाली होत असताना ती बाई कठडा धरून पुन्हा वर चढली, पायरी पायरी, दोनच्या आकड्यापर्यंत.

मला भीती होती ती वेगळीच. इतका वेळ चित्र गेले होते. कोणी ना कोणी बटण दाबून मोकळे झाले असणार. शिक्षिकाबाईंनाही तीच शंका आली असावी.

“तिसरा मजला,” त्यांनी दरडावून विचारले, “दाबलंस का?”

“नाही हो,” बेकरीवाल्यांचा आवाज आला. “रिमोट बायकोकडे देऊन ठेवलाय. आज माझा माझ्यावर भरवसा नव्हता.”

मावशी आवाजाविना इतक्या हसल्या की मी त्यांच्या मुठीत गदागदा हललो. मग दोन. मग एक. मग शेवटच्या बारा पायऱ्या. खाली लिफ्टचे दार उघडे टाकून एक कारागीर तेलाच्या हातांनी काम करत बसला होता. त्याने या वरातीकडे पाहिले आणि विचारले, “काय चाललंय, ताई?” भाची म्हणाली, “वाढदिवस.” त्याला काही कळले नसावे, पण भाचीचे हात भरून आलेले पाहून त्याने आपले स्टूल पुढे सरकवले. लॅपटॉप त्या स्टुलावर ठेवला गेला.

भिंतीवर लिहिले होते, तळमजला. मावशींनी ती अक्षरे सगळ्यांना दाखवली. आता नियमाप्रमाणे बोट दाखवायचे होते. त्यांनी डावा हात बटणावर ठेवला आणि उजव्या हातातल्या मला त्या बोटाकडे वळवले. बोटाकडे, म्हणजे पडद्याकडे.

मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मी पडदा पाहिला. सहा चौकटींत सहा चेहरे होते. बेकरीवाले माझ्या कल्पनेपेक्षा पुष्कळच हडकुळे निघाले, आणि शिक्षिकाबाई रडत होत्या. सातव्या चौकटीत मी जे पाहत होतो तेच दिसत होते. पडदा, त्या पडद्यात पडदा, त्यात आणखी एक, लहान लहान होत खोल उतरत गेलेला, जिन्यासारखा. प्रत्येकात मावशींचे बोट होते. ते सगळीकडे एकदम खाली आले.

सातही ठिकाणी भाग सुरू झाला. एका स्टुलावर एक माणूस बसलेला मला दिसला. हाच तो, मी ओळखले. आणि पहिल्या विनोदाला सातही मजले एकदम हसले. सहा आवाज होते, सातवा नव्हता. पण कोणी आधी नव्हते आणि कोणी मागे नव्हते.

त्यानंतर मी पुन्हा खणात गेलो नाही. आता माझी तार जुनी झाली आहे आणि काचेवर एक ओरखडा आहे. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल तर एवढे करा. त्याची तार हिसकू नका, काच चष्म्याच्या फडक्याने पुसा, आणि पट्टी लावायची वेळ आलीच तर ती सहज निघेल अशी लावा. आणि तुमच्या गटातले कोणी मध्येच दिसेनासे झाले तर बटण दाबू नका. ते माणूस कदाचित राहिलेला मजला मोजायला पुन्हा वर चढले असेल.