दोनशे साठचा आकडा

मी एक जुना अंतरमापक आहे. मला दुर्बिणीसारखं डोळ्याला लावायचं आणि बटण दाबायचं, की समोरची वस्तू किती मीटरवर आहे ते आत आकड्यात उमटायचं. आता माझ्या पोटात बॅटरीही नाही. मित्रांनो, आजवर मी हजारो आकडे सांगितले, पण मनातून जात नाही तो एकच, दोनशे साठ. तो चुकीचा नव्हता. भीती वाटते ती त्याचीच.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा दुबईत देरा भागातल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात होतो. साल अठ्ठ्याण्णव. दुकानावर जहूर बसायचा. तो रत्नागिरीकडचा, बोलायला गोड आणि कामाला चोख. त्याचा एक शिरस्ता होता. अंतरमापक घेणाऱ्याला तो दारात उभं करायचा, स्वतः गल्लीच्या टोकाला जायचा आणि हात वर करून म्हणायचा, "पहले मेरेको देखो." गिऱ्हाइकाने जहूरचं अंतर बरोबर सांगितलं, तरच माल बांधला जायचा. शेजारचे दुकानदार त्याची थट्टा करत, पण तो बधत नसे.

एका शुक्रवारी देवदत्त नावाचे कॉन्ट्रॅक्टर आले. दुबईतच करामा भागात राहायचे, मूळचे राजापूरचे. सोबत चौदा वर्षांची मुलगी रुचा. दोन महिन्यांनी त्यांना आफ्रिकेत शिकारीला जायचं होतं, म्हणून नवं धनुष्य घेतलं होतं, तिथे रायफलही मिळणार होती. आता दोन्हींना चालेल असा एकच अंतरमापक हवा होता.

जहूरने काउंटरवर आम्हा दोघांना ठेवलं. माझ्या शेजारचा छोटा होता. त्याला लांबचं दिसत नसे, पण हाकेच्या अंतरातलं तो अचूक सांगे. धनुष्याला तेवढंच लागतं. मी लांबचा होतो आणि माझ्या अंगावर एक जादा बटण होतं. ते एकदा दाबलं, की दीडशे मीटरच्या अलीकडचं काहीही मी मोजायचं नाही. झाडी आड आली तरी रायफलवाल्याला पलीकडचं जनावर मोजता यावं, म्हणून ही सोय. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत मी तसाच राहायचो. जवळच्यांच्या बाबतीत आंधळा.

जहूर शिरस्त्याप्रमाणे गल्लीच्या टोकाला गेला. रुचाने छोटा उचलून दारातून त्याला मोजलं. "थर्टी-एट, बाबा. धिस वन इज गुड."

जहूर परत आला तसे देवदत्त हसले. "अगं, खेळणं आहे ते. जहूरभाई, सगळ्यात लांबचं कोण दाखवतो? हा ना? मग खलास, हाच पॅक करा."

गल्लीत विजेच्या तारा होत्या. त्यांच्या पलीकडचा मनोरा मोजून दाखवायला जहूरने माझं ते बटण दाबलं. तेवढ्यात जुम्म्याची अजान झाली. दुकान बंद करायचं होतं. आपल्या मुलखातला माणूस, त्याला काय पुन्हा दारात उभं करून शिकवायचं, असं जहूरला वाटलं असावं. माझ्या वेळी त्याने शिरस्ता मोडला. बटण तसंच राहिलं आणि मी पिशवीत गेलो.

जानेवारीत देवदत्तांच्या अरब भागीदाराने त्यांना सरावासाठी शेजारच्या अजमानमध्ये, आत वाळूतल्या आपल्या फार्मवर बोलावलं. तिथे निशाणं लावायचं काम तहाकडे होतं. हा तहा म्हणजे जहूरचा धाकटा भाऊ. सकाळी हवेत धुरकट ओल होती. आधी धनुष्य झालं. चाळीस पावलांवरच्या निशाणावर मला धरलं, तर मी मागच्या टेकाडाचं अंतर सांगितलं. मी ओरडून सांगू शकलो असतो तर! देवदत्तांनी नुसती मान उडवली आणि नजरेच्या अंदाजाने बाण सोडले. निम्मे बाण निशाणावरून पुढे झुडपांत जाऊन पडले.

मग भागीदाराची रायफल निघाली. टेकाडाच्या पायथ्याशी हरणाचा तपकिरी पुतळा उभा करून पिकअप परत आली. तहाही तिच्यातून आला असेल, असं सगळ्यांनी धरलं. तो वाटेतच उतरला होता. झुडपांत वाकून देवदत्तांचेच बाण वेचत होता. थंडीमुळे त्याने अंगावर तपकिरी शाल घेतली होती.

देवदत्तांनी मला डोळ्याला लावलं. लांबचा पुतळा धुरकट हवेत हरवला होता, झुडपांच्या वर एक तपकिरी पाठ तेवढी दिसत होती. त्यांनी बटण दाबलं आणि मी सांगितलं, दोनशे साठ.

"बाबा, इट मूव्ह्ड," रुचा म्हणाली.

"पुतळाच आहे गं तो. दोनशे साठ म्हणजे दोनशे साठ."

गोळी सुटली. लांबच्या निशाणासाठी नळी जरा उचललेली होती, म्हणून गोळी तहाच्या पाठीवरून वीतभर उंचीने गेली. तो मुठीत बाण धरून उभा राहिला. मग खाली बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

दुपारी तहाला घेऊन सगळे दुकानात आले. देवदत्तांनी मला काउंटरवर टाकलं आणि पडेल आवाजात म्हणाले, "जहूरभाई, तुमचं मशीन फॉल्टी आहे."

जहूरने मला डोळ्याला लावलं. आत कोपऱ्यात त्या बटणाची खूण दिसत होती. 'हो, फॉल्टी आहे' म्हणून मला कारखान्यात परत पाठवलं असतं, तर कोणाला काही कळलं नसतं.

"मशीन चांगलं आहे, शेठ," तो म्हणाला. "हे बटण मी दाबलं होतं. सांगायचं राहिलं. तहा, मी दाबलं होतं रे."

देवदत्त स्टुलावर बसले. "गोळी मी मारली, जहूरभाई. पोरगी सांगत होती तरी मारली."

ते आफ्रिकेला गेले नाहीत. तहा दोन महिन्यांनी गावी परतला, तो पुन्हा आला नाही. जहूरने मला विकलं नाही, की ते बटणही बंद केलं नाही. वरच्या फळीवर ठेवलं आणि बॅटरी संपू दिली. त्यानंतर कितीही घाई असो, अजान होवो, गावचा माणूस असो, जहूर गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिल्याशिवाय एकही अंतरमापक त्या दुकानातून गेला नाही.

मित्रांनो, यंत्राला जपा, पुसून ठेवा, पण त्याला काय बघायला सांगितलं आहे आणि काय नाही, हे आधी विचारून घ्या. आणि मला उचलण्यापूर्वी एकदा साध्या डोळ्यांनी जवळ बघा. तहा माझ्यासमोर एकशे दहा मीटरवर होता. मला तो दिसलाच नव्हता.