जाळीतलं कुंकू

मी रागी साफ करणारी एक जुनी चाळणी आहे. रागी म्हणजे तुमची नाचणी. माझा दांडा हाताने फिरवला की माती खाली गळते आणि दाणे पुढे घरंगळतात.

बनशंकरी नावाच्या भागातल्या एका गल्लीत, गिरीधररावांच्या चाळण्यांच्या कारखान्यात माझा जन्म झाला. मित्रांनो, माझे लाड फार झाले. नमुना म्हणून मला दर्शनी जागी ठेवलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर गिरीधरराव माझी तोंडभरून स्तुती करायचे आणि मी फुशारून जायचे.

खंडेनवमीला यंत्रांची आयुधपूजा असते, तेव्हा तर कौतुकाला ऊत यायचा. यंदा त्यांनी कालवलेलं हळदकुंकू माझ्या जाळीवरच थापलं. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी अनुषा फडकं घेऊन आली.

"अण्णा, जाळी स्वल्प पुसून घेऊ का? केनियाच्या बाई येतायत."

"पूजेचं कुंकू पुसतात का गं? राहू दे."

मलाही ते पटलं. एवढं नटल्यावर पुसून कोण घेईल!

नफुलाबाई आल्या. केनियात त्यांची घरची छोटीशी शेती. रागी तिकडेही पिकते. घरातले सगळे राबतात, पण दाण्यांत माती राहते, म्हणून बाजारात मोठ्या मळ्यांचा माल आधी उचलला जातो. मी त्यांच्या उपयोगाची आहे का, हे बघायला त्यांनी रीतसर परवानगी काढून आपल्या शेतातली पिशवीभर रागी आणली होती.

गिरीधररावांनी ऐटीत दांडा फिरवला. माझी भोकं बुजलेली. माती गळेना. उलट वाळलेल्या कुंकवाचे पोपडे सुटून त्या दाण्यांत मिसळले.

नफुलाबाईंनी मूठभर दाणे तळहातावर घेतले. त्या इंग्रजीत जे बोलल्या ते असं, "मातीची रागी घरी आहेच. ही रंगाची कशाला नेऊ?"

त्या रागावल्या नाहीत, याचीच मला जास्त लाज वाटली. धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

गिरीधररावांचा चेहरा उतरला. त्यांनी अनुषाच्या हातून फडकं घेतलं आणि खाली बसून जाळी घासली. पिशवीच्या तळाशी उरलेली रागी घातली. ती मात्र स्वच्छ आली.

नफुलाबाईंनी तेवढीच रुमालात बांधली. "चाळणी नेते," त्या म्हणाल्या, "पण ते फडकंही द्या."

आता मी खोक्यात बसून केनियाला निघाले आहे. कुंकवाचे डाग पडलेलं ते फडकं माझ्या शेजारी आहे. मित्रांनो, तुमच्या घरच्या यंत्रांना वर्षातून एकदा हार जरूर घाला, पण फडकं रोज फिरवा. कोणाच्या कष्टाचे दाणे माझ्यासारखे नासवायची पाळी त्यांच्यावर आणू नका.